दिवाळीत त्सित्सिकामाला जायचंय (साउथ आफ्रिका), सोबत वडील आणि ९ वर्षांची पोरगी, कुठला ट्रेल झेपेल?

वाळूजकर:
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ कंपनीच्या कामावर साउथ आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला आहे आणि या दिवाळीला आम्ही सगळे संभाजीनगरहून त्याच्याकडे चाललोय. तिथून गाडीने दोनेक तासांवर गार्डन रूट नॅशनल पार्कचा त्सित्सिकामा म्हणून भाग आहे, त्याचे फोटो बघून डोकं फिरलंय राव, वर दाट जंगल, खाली सरळ समुद्र आणि मधे नद्यांनी कापून काढलेल्या अरुंद घळी. भाऊ अजून स्वतः गेलेला नाही, त्याला रविवारी झोप प्यारी, त्यामुळे त्याला विचारून उपयोग नाही.
आमची तब्येत सांगतो. मी आणि बायको देवगिरी, अंतूर, अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवरून खाली लेण्यांपर्यंत, असं सगळं केलेलं. पोरगी दमत नाही, तिच्यामागे आपण दमतो. वडील ६७ वर्षांचे, पीडब्ल्यूडीतून रिटायर, रोज चालतात, गौताळ्यात पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरून परत वर आले पण उतरताना गुडघा कुरकुर करतो. ऑटर ट्रेलचं नाव सगळीकडे दिसतंय, तो जमण्यासारखा आहे का? नसेल तर दिवसात होईल असं काय? आणि समुद्राच्या कडेने चालायचा अनुभव आमचा शून्य, आमच्यासाठी मोठं पाणी म्हणजे नाथसागर.

लातूरचा_पाहुणा:
काही वर्षं केपटाऊनला होतो, त्या पट्ट्यात बऱ्याचदा जाणं झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.
ऑटर ट्रेल विसरा. पाच दिवस चार रात्रींचा आहे, स्टॉर्म्स रिव्हरच्या मुखापासून नेचर्स व्हॅलीपर्यंत, एका दिवशी जास्तीत जास्त १२ जणांनाच सोडतात आणि बुकिंग कित्येक महिने आधी संपलेलं असतं. शिवाय १२ वर्षांखालच्या पोरांना घेत नाहीत, म्हणजे तुमचा विषय तिथंच मिटला. खाणं, झोपायचं, सगळं आपल्या पाठीवर. चौथ्या दिवशी जवळपास १४ किलोमीटर चाल आणि मधे ब्लाउक्रान्स नदी समुद्राला मिळते ती ओहोटीत पार करायची, सॅक वॉटरप्रूफ पिशवीत घालून, वेळप्रसंगी पोहून. ओहोटी सकाळची असली की लोक पहाटे तीनला टॉर्च लावून निघतात.
पण गंमत अशी की त्या ट्रेलचे पहिले तीन किलोमीटर कुणालाही दिवसाच्या तिकिटावर चालता येतात. त्यालाच वॉटरफॉल ट्रेल म्हणतात, जाऊन येऊन सहा किलोमीटर, धबधबा सरळ समुद्राच्या काठावरच्या डोहात पडतो. सहा म्हणजे किरकोळ असं वाटेल पण तीन तास धरा, कारण अर्धी वाट मोठमोठ्या दगडांवरून उड्या मारत आहे. आपल्याकडं खडक म्हणजे बेसाल्टचे आडवे थर, पायऱ्यांवर पाय टाकल्यासारखं चालता येतं. तिकडं वालुकाश्माचे थर जमिनीच्या हालचालींत दुमडून जवळजवळ उभे राहिलेत, त्यामुळे पाऊल सपाट पडतच नाही, सतत कडेवर, तिरकं. त्यावर भगव्या रंगाचं दगडफूल, फोटोत लई भारी दिसतं. वाटेवर पिवळ्या रंगात पाणमांजराच्या पंजाच्या खुणा काढल्यात, ऑटर म्हणजे पाणमांजरच, त्या बघत चालायचं. वडलांना इथं नेऊ नका, गुडघ्याचं काही खरं नाही. आणि दुपारी उशिरा गेलात तर सोडत नाहीत, गेटवरच वेळ विचारून घ्या.
वडलांसाठी झुलत्या पुलाची वाट. रेस्ट कॅम्पपासून (पार्कातली मुक्कामाची जागा) एकेक किलोमीटर, बरीचशी लाकडी फळ्यांची, पायऱ्या आहेत पण थांबत थांबत जमतं. पूल ७७ मीटर लांब, अगदी स्टॉर्म्स नदीच्या तोंडावर, पायाखाली सातेक मीटरवर पाणी आणि एका बाजूला घळ तर दुसऱ्या बाजूला समुद्राच्या लाटा. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, घाण नाही, वरच्या झाडोऱ्यातलं टॅनिन (पाना-सालींतला तुरट अंश) उतरतं म्हणून. घळीच्या आत मात्र पायवाट नाही, आत जायचं तर कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी. तुम्ही दोघं आणि पोरगी तो करा, चालण्यापेक्षा खरी घळ तिथंच कळते.

बीडकर_भटक्या:
मी तिकडं गेलेलो न्हाई, पर गुडघ्याचं मला इचारा. मह्या वडलाला सौताड्याला रामेश्वराच्या दरीत उतरवलं होतं, उतरताना एक शब्द बोलले न्हाईत आन वर आल्यावर दोन दिवस पलंगावर. म्हाताऱ्या माणसाला चढ झेपतो वो, उतार खातो. काठी एक न्हाई दोन द्या, आन परत यायच्या टायमाला घाई करू नका.
बाकी एवढा पैसा घालून घळीच बघायच्या तर आपल्या पैनगंगेचं सहस्रकुंड काय वाईट हाय, पावसाळ्यात जा की.

लातूरचा_पाहुणा:
@बीडकर, सहस्रकुंडाला दिवाळीत पाणी केवढं असतं ते तुम्हीच सांगा 😄 तिकडं पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो, म्हणून जंगल कायम हिरवं आणि म्हणून रेनकोटही कायम सॅकमधे.

माहेर_रत्नागिरी:
सासर परभणी, माहेर समुद्राला लागून, त्यामुळे भरतीवर मलाच बोलावं लागणार असं दिसतंय.
दादा, तुम्ही किलोमीटर आणि चढ मोजताय, पण अशा वाटेवर पहिला प्रश्न असतो ओहोटी किती वाजता. जाताना जिथून सुके दगड ओलांडलेत तिथेच परत येताना पाणी असू शकतं. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास, आणि रोज वेळ पाऊण तासाच्या वर पुढे सरकते, म्हणजे भावाने मागच्या आठवड्यातली वेळ सांगितली तर ती कामाची नाही.
आता तुमचं खास. दिवाळीत जाताय ना? लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाण. आणि उधाणाचा जोर अमावास्येपेक्षा एक-दोन दिवसांनी, पाडवा-भाऊबीजेला जास्त असतो. हे जगात सगळीकडे सारखंच, चंद्र तोच आहे. उधाणात भरती नेहमीपेक्षा वर येते पण ओहोटीही नेहमीपेक्षा खाली जाते, म्हणजे ओहोटीची वेळ पकडलीत तर दगड जास्त उघडे मिळतील, चुकलीत तर अडकाल. भाऊबीज घरी करा आणि ट्रेल त्यानंतर अष्टमीच्या आसपास ठेवा, तेव्हा भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं-उतरतं.
आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला पूर्ण भरती. हे कोणी तुम्हाला सांगेल पण तिकडे वापरू नका, तो हिशोब आमच्या किनाऱ्याचा आहे, प्रत्येक किनाऱ्याची वेळ निराळी. त्या गावाचं भरतीचं टेबल नेटवर मिळतं, तेच बघा.
आणि लाटेकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. मोठी लाट सांगून येत नाही, आणि पोरांना नेमकं टोकाला उभं राहायचं असतं.

वाळूजकर:
ताई, अमावास्येचं डोक्यातच आलं नव्हतं, पंचांग काढून बसलो आता. भाऊबीजेनंतरच जाऊ. @लातूरचा_पाहुणा, अजून दोन गोष्टी. रॉबर्ग म्हणून एक नाव सारखं येतंय, ते याच पार्कात का? आणि फ्लाइट नैरोबीवरून स्वस्त पडतेय, घेऊ का?

लातूरचा_पाहुणा:
रॉबर्ग पार्कात नाही, प्लेटेनबर्ग बेजवळचं वेगळं रिझर्व्ह आहे, तिकीटही वेगळं. समुद्रात घुसलेली जमिनीची सोंड आहे, तीन गोल वाटा, २.१, ५.५ आणि ९.२ किलोमीटरच्या. खरं सांगू का, कड्यावरून चालायची मजा त्सित्सिकामापेक्षा इथं जास्त, खाली सीलचा कळप पसरलेला असतो आणि त्यांचा वास वरपर्यंत येतो, पोरगी नाक धरून हसत बसेल. मधली ५.५ ची करा. टोकापर्यंतच्या मोठ्या वाटेला खालच्या बाजूला लाटांजवळून जावं लागतं, तिथं ताईंनी सांगितलेलं सगळं लागू. व्हेल नोव्हेंबरपर्यंत असतात, दिसले तर नशीब.
नैरोबी, आदिस अबाबा ही यलो फीवरच्या देशांतली विमानतळं. तिथं थांबा लांबला तर साउथ आफ्रिकेत उतरताना लशीचं सर्टिफिकेट मागतात, लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती ठरावीक केंद्रांवरच मिळते. दुबई किंवा दोहावरून गेलात तर ही कटकट नाही. स्वस्त तिकिटात हे धरून हिशोब करा.
आणि हो, वडील पीडब्ल्यूडीचे ना? मग हायवेवरचा स्टॉर्म्स नदीचा पूल त्यांना नक्की दाखवा, पॉल सॉवर ब्रिज. १९५६ चा काँक्रीटचा कमानी पूल, इटलीच्या रिकार्डो मोरांदीचं डिझाइन. कमानीचे दोन अर्धे भाग दोन काठांवर उभे बांधले आणि मग हळूहळू खाली झुकवत मधोमध जोडले, कारण एवढ्या खोल घळीत खालून आधार उभा करणार कसा. याच मोरांदीचा जेनोआचा पूल २०१८ ला पडला, हा मात्र अजून गाड्या पेलतोय. बाजूला पेट्रोल पंप आहे, चहा घेत निवांत बघता येतो. तिथून जवळच बिग ट्री, यलोवुडचं ३६ मीटरचं जुनं झाड, सपाट लाकडी वाट, तिथं गुडघ्याला काही त्रास नाही.

वाळूजकर:
वडलांना आत्ताच पुलाचं वाचून दाखवलं. धबधबा, सील कशात इंटरेस्ट नव्हता त्यांना, आता विचारतायत की कमान खाली झुकवताना बिजागरी कसली वापरली. मी काय सांगू कप्पाळ.

बीडकर_भटक्या:
त्यांना पुलावर बसवा आन तुम्ही फिरून या, भांडणच न्हाई 😂 पर बुटाचं कुणी बोललं न्हाई. नवे बूट तिकडं जाऊन पहिल्यांदा घालू नका, आतापासून गौताळ्यात घालून फिरा.

माहेर_रत्नागिरी:
आणि सोल मऊ रबराचा बघा. ओल्या दगडावर कडक सोल सरळ घसरतो, काळपट बुळबुळीत दिसेल तिथे कुठलाच बूट चालत नाही, तो दगड सोडून बाजूने जायचं. मुलीला आधी हेच शिकवा.

लातूरचा_पाहुणा:
पोरीला अजून एक सांगा, रेस्ट कॅम्पात ससाएवढे करडे गुबगुबीत प्राणी दगडांवर ऊन खात बसलेले असतात, डासी म्हणतात, आणि त्यांचा जवळचा नातेवाईक हत्ती आहे. विश्वास बसणार नाही पण खरंय. फक्त खायला घालू नका, चावतात.