पोलिसाचा हात झटका म्हणे!

फौजदारीवाला: "अटक बेकायदा वाटली तर हात झटका, स्वसंरक्षणाचा हक्क आहे" ही पोस्ट जो तो पुढे ढकलतोय. भारतीय न्याय संहितेचं कलम 37 कुणी उघडलंय का? अधिकारी पदाच्या नात्याने, सद्भावनेने वागत असेल, तर कृती कायद्यात काटेकोर बसत नसली तरी स्वसंरक्षणाचा हक्क नाही. मृत्यू किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल, तरच तो मिळतो. समोरचा पोलीस आहे हे कळायला मार्गच नव्हता, तर गोष्ट वेगळी. म्हणून साध्या वेशातल्याला आधी ओळखपत्र मागा. अटक चूक होती हे 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर सांगता येतं. झटापट केलीत तर याच संहितेचं 132 लागतं, म्हणजे सरकारी नोकराला कामापासून रोखायला हल्ला किंवा बळाचा वापर, 2 वर्षांपर्यंत. त्यांना दुखापत झाली तर 121, 5 वर्षांपर्यंत.

तिरकसराव: सद्भावना ठरवणार कोण, ठाणे अंमलदार? 7 वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात आधी हजर राहण्याची नोटीस, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 35(3), सर्वोच्च न्यायालयाचा अर्नेश कुमार निकाल 2014 चा. त्याच संहितेच्या कलम 36 खाली नावाचा बिल्ला, अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही. यातलं काहीच नाही, थेट गाडीत कोंबायचं, आणि आम्ही सद्भावना शोधायची! शिवाय न्याय संहितेचं 262 'कायदेशीर' अटकेच्या विरोधालाच लागतं.

फौजदारीवाला: 262 मधून सुटाल, 132 मध्ये अडकाल.

कलमकसाई: तेही सरसकट नाही. सोनकर प्रकरणात (2024) लाचेच्या सापळ्यातून निसटताना केलेली धक्काबुक्की सर्वोच्च न्यायालयाने 353 मध्ये, म्हणजे जुन्या दंड संहितेतल्या 132 मध्ये, बसवली नाही, हल्ल्याचा हेतू नव्हता म्हणून.

फौजदारीवाला: घ्या! निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला, म्हणजे तिथवर लढायची तयारी ठेवा. हे पोस्टवाल्याने लिहिलंय का?

टपालतिकीट: 353 ला 5 वर्षे आहेत. प्रत्येक सरकारी कार्यालयात पाटी आहे. वाचत जा.

कलमकसाई: पाटी जुनी आहे. 5 वर्षे ही महाराष्ट्राची दुरुस्ती होती, भारतीय दंड संहितेतली. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनेला 132, म्हणजे 2 वर्षे. पाटी लावणाऱ्यांनी ती उतरवायचे कष्ट घेतले नाहीत.

टपालतिकीट: म्हणजे खिडकीवरच्या कारकुनाला कुणीही काहीही बोलावं?

तिरकसराव: बोलणं म्हणजे हल्ला नाही! माणिक तनेजा, 2015. बेंगळुरू वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर टीका केली म्हणून 353 लावलं होतं. बळाचा वापरच नाही, गुन्हा रद्द. दाखला कुठे अडला एवढं विचारलं तरी पाटीकडे बोट, हा माज आहे.

टपालतिकीट: माज? दिवसभर त्या खिडकीवर बसून दाखवा.

कलमकसाई: भांडा खुशाल, पण अडथळ्याचं कलम 221 आहे. 3 महिने किंवा 2,500 रुपये किंवा दोन्ही, जामीनपात्र. त्याला त्या अधिकाऱ्याची किंवा वरिष्ठाची न्यायालयात लेखी तक्रार लागते. ही कटकट नको, म्हणून फिर्यादीत 'कॉलर पकडली' येतं आणि प्रकरण अजामीनपात्र 132 मध्ये जातं.

फौजदारीवाला: हे मान्य, नाइलाजाने. कॉलरचं वाक्य इतक्या फिर्यादींत तेच असतं की छापील फॉर्म निघायला हवा. म्हणूनच म्हणतो, हात खाली ठेवा आणि त्या वेळचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा, असा अर्ज त्याच दिवशी द्या.

तिरकसराव: ठाण्यातला कॅमेरा चालू निघाला तर.