आण्णांना काजूची भट्टी दाखवायची आहे. सांगलीहून कसं जावं?

कृष्णाकाठचा:
नमस्कार मंडळी. मी शिराळ्याकडचा, सध्या विश्रामबागला असतो. आमचं घरचं गुऱ्हाळ होतं आणि गुळव्या आण्णा स्वतः. काहिलीतला पाक थंड पाण्यात सोडून, बोटांनी गोळी चेपून ते आदण उतरायला सांगायचे. ऊस कारखान्याला जायला लागला आणि चुलवाण थंड पडलं, त्याला आता बारा वर्षं झाली. परवा टीव्हीवर गोव्यातली फेणीची घरगुती भट्टी दाखवत होते. आण्णा जेवता जेवता थांबले. "ह्येला बी जाळ कळाय लागतोय," एवढंच म्हणाले. त्यांना ती प्रत्यक्ष दाखवायची आहे. आम्ही दोघंही घेत नाही, तरी गेलेलं चालतं का? कधी जावं? मोठे कारखाने, चव घ्यायचे कार्यक्रम नकोत. घरची माणसं राबतात अशी जागा हवी.

मिरजेचा पाहुणा:
न पिणाऱ्यांनी बिनधास्त जा. निपाणी, बेळगाव करत चोर्ला घाट उतरलात की सत्तरी तालुका लागतो. वाळपईच्या आसपास काजूच्या बागा आहेत, तिथं कुणालाही विचारा. हंगाम मार्च ते मे एवढाच, पावसाआधी सगळं आटोपतं. शक्यतो मुक्काम करा आणि सकाळी लवकर पोचा, म्हणजे बोंडू (काजूची फळं) वेचण्यापासून बघायला मिळेल. फेणीसाठी बोंडू तोडत नाहीत, पिकून आपसूक गळालेलेच घेतात. बी पिळून काढायची, बोंडू कोळंबीत म्हणजे तुडवायच्या कुंडात पायांनी तुडवायचे, मग चोथ्यावर दगडाचं वजन ठेवून निथळतो तो नीरो. तो ताजा मिळाला तर आण्णांना नक्की द्या, त्यात नशा नसते. बाकीचा रस दोन-तीन दिवस आपोआप आंबतो, वरून काही घालत नाहीत. तो भट्टीवर उकळून पहिल्या धारेची निघते ती हुर्राक. हुर्राकीत आंबलेला रस मिसळून परत भट्टी लावली की फेणी. 2009 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते मानांकन ज्यांच्या हातांमुळे मिळालं ती ही घरं आहेत. जाताना रिकाम्या हातांनी जाऊ नका.

साताऱ्याची लेक:
दादा, एक लक्षात ठेवा. कुणी प्रेमानं बाटली दिली तरी गाडीत घेऊ नका. परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणली तर गुन्हा होतो. आणि आण्णांना डोक्याला टॉवेल, पाणी जवळ असू द्या, तिकडं एप्रिलमध्ये घामानं जीव नकोसा होतो.

कृष्णाकाठचा:
जाऊन आलो. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

घराच्या मागं झावळ्यांचं छप्पर, त्याखाली भट्टी. आजी, मुलगा, सून, सगळे कामाला. आम्ही शिराळ्याहून गुळाची ढेप नेली होती. आजींनी कोपरा फोडून तोंडात टाकला आणि सुनेला हाक मारली. तिथनं पुढं आम्ही पाहुणे राहिलोच नाही.

तांब्याचं भाण, म्हणजे रस उकळायचं भांडं, चुलीवर, त्याचं तोंड वारुळाच्या मातीनं लिंपलेलं. नळीतून वाफ लवणीत, म्हणजे धार जमते त्या मडक्यात, उतरते आणि लवणीवर सारखं गार पाणी ओतावं लागतं. आण्णा आधी लांब उभे होते. मग चुलीपाशी उकिडवे बसले. आमच्या चुलवाणात चिपाडं सारून जाळ भडकता ठेवायचा, इथं उलटं. जाळ वाढला की रस उसळून नळीत जातो, सगळी धार नासते. मुलगा हे सांगत होता तोवर आण्णांनी एक लाकूड हळूच मागं ओढलं. मी घाबरलो, दुसऱ्याच्या चुलीला हात लावलेला. पण त्या मुलानं आत वाकून बघितलं आणि मान हलवली. आजींनी काही न बोलता पाण्याचा तांब्या आण्णांच्या हातात दिला.

दुपारपर्यंत लवणीवर पाणी आण्णांनीच ओतलं. मी दोनदा निघूया म्हटलं, त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.