दोघांच्या गप्पांचा पॉडकास्ट: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी आणि माझी मैत्रीण नागपुरावर मराठी पॉडकास्ट करतोय. पहिला विषय, 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं आपलं शहर.

तिला महाल-इतवारीची गल्ली न् गल्ली ठाऊक. चहा पिताना ती सांगते तेव्हा ऐकतच राहावं वाटतं, पण माईक सुरू झाला की तिची नागपुरी बोली जाते आणि पुस्तकी भाषा येते. मला ती बोलीच हवी आहे, आमच्या कार्यक्रमाचा जीव त्यातच आहे. पूर्ण संहिता लिहिली तर वाचल्यासारखं वाटतं. नुसते मुद्दे ठेवले तर दोघंही एकदम बोलतो.

दोन डायनॅमिक माईक आहेत, प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा. तोंडापासून माईक जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये ठेवतो, त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्यात फारसा शिरत नाही. तांत्रिक बाजू बरी आहे. फक्त उन्हाळ्यात कूलर बंद ठेवून तासभर बसवत नाही, त्यावर उपाय असेल तर तोही सांगा.

खरा प्रश्न भूमिकांचा. मी श्रोत्याच्या बाजूने शंका विचारायच्या आणि तिने सांगायचं, हे बरोबर राहील का? की त्याची मुलाखत होईल? मला तरी वाटतं, दोघांची मतं खरोखर वेगळी असतील तिथेच गप्पा रंगतात. ‘आता माझी पाळी’ हे न बोलता कसं कळवता? हाताची खूण, की आणखी काही? आणि रेकॉर्डिंगआधी विषयावर किती बोलून घ्यावं? आधीच सगळं बोलून झालं की नंतर तो ताजेपणा राहत नाही.

जोडीने पॉडकास्ट करणाऱ्यांनी कृपया अनुभव लिहा.