मामांची आरसी १०: सोनेरी चासी पुन्हा ॲनोडाइझ करावी का?

रेणुका_म

मंडळी, मामांनी त्यांची जुनी आरसी १०, म्हणजे असोसिएटेड कंपनीची रिमोटवर पळणारी छोटी बग्गी, माझ्या हवाली केली आहे. ते स्वतः ही बग्गी शर्यतीत पळवायचे. नंतर ती वर्षानुवर्षं खोक्यातच पडून राहिली. आता त्यांना ती पुन्हा मातीत पळताना बघायची आहे, त्यामुळे शोकेसचा प्रश्नच नाही.

अवस्था अशी: सोनेरी ॲल्युमिनियमची चासी (गाडीचा सांगाडा) पोटाखाली घासून पांढरी पडली आहे, नाकाशी तर रंगच उरलेला नाही. चाकं धरणारे नायलॉनचे पांढरे सस्पेन्शन आर्म पिवळट झालेत. मागच्या दोन्ही शॉकमधलं (धक्के झेलणाऱ्या नळ्यांमधलं) तेल गळून गेलंय. गिअरबॉक्स फिरतो, पण खरखर करतो. बॅटरी आतच राहिली होती, तिच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली आहे. मेकॅनिकल स्पीड कंट्रोलर जागेवर आहे, रिमोट २७ मेगाहर्ट्झचा.

बेत असा की चासीचा जुना थर काढून पुन्हा सोनेरी ॲनोडाइझ करून घ्यायची, स्क्रू सगळे नवे एम ३ (३ मिमीचे मेट्रिक) टाकायचे आणि लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) बसवायची. यात काही बदलायला हवं का?

जुना_पिनियन

रेणुकाताई, बाकी सगळं मागाहून. आधी ती बॅटरी बाहेर काढा, आजच्या आज. त्या काळचा पॅक म्हणजे सहा निकेल-कॅडमियम सेल. त्यातून पाझरणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड जहाल अल्कली असतं आणि ॲनोडायझिंगचा थर ते खातं. इतक्या वर्षांच्या धावण्याने चासीचं झालं नसेल तेवढं नुकसान ही भुकटी बसल्या जागी करते. हातमोजे, चष्मा घाला. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन डाग टिपा, लगेच स्वच्छ पाण्याने धुवा आणि कोरडं करा. पॅक घरच्या कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी आहे. ई-कचऱ्यातच द्या.

आता स्क्रू. इथे हात आवरा! ही अमेरिकन गाडी आहे, तिचे बहुतेक स्क्रू इंची मापाचे, ४-४० चे (४ नंबरची जाडी, इंचाला ४० आटे). जाडी २.८४ मिमी, म्हणजे एम ३ च्या इतकी जवळ की हातात घेऊन फरक कळत नाही. पण दोन आट्यांतलं अंतर ४-४० मध्ये ०.६३५ मिमी आणि एम ३ मध्ये ०.५. दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने जातात, मग अडतात, आणि जोर लावला की भोकातले आटे कायमचे गेले. ॲलन कीचंही तेच. कॅप स्क्रूला ३/३२ इंच लागते, म्हणजे २.३८ मिमी. २.५ ची की आत शिरत नाही, २ ची आत गरागरा फिरून कोपरे खाते. इंची किल्ल्यांचा चांगला संच घ्या. या गाडीवरचा पहिला खर्च तोच असू द्या.

चासीबद्दल माझं मत ठाम आहे: पुन्हा ॲनोडाइझ करू नका. ॲनोडायझिंग म्हणजे वरून दिलेला रंग नव्हे. ॲल्युमिनियमच्याच पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर वाढवतात, त्याच्या बारीक छिद्रांत रंग मुरवतात आणि छिद्रं बंद करतात. त्यामुळे घासल्या जागी ठिगळ लावता येत नाही. जुना थर संपूर्ण कॉस्टिक सोड्यात उतरवावा लागतो, त्याबरोबर थोडा धातूही जातो, भोकांच्या कडा बोथट होतात. आणि नवा सोनेरी रंग शॉकच्या जुन्या सोनेरीशी जुळेल याची खात्री कोण देणार?

शिवाय ते ओरखडे मामांचे आहेत. नाकाच्या वळणावर रंग गेलाय तो उड्यांनंतर तिथेच जमीन लागते म्हणून. १९८४ मध्ये ही गाडी आली तेव्हा बाजारातल्या कितीतरी बग्ग्या खेळणं म्हणून घडवलेल्या होत्या. ही मात्र शर्यतीसाठीच घडली: ॲल्युमिनियमची टब चासी, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, तेलाचे ॲल्युमिनियम शॉक. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मारला इफमार या आरसी शर्यतींच्या जागतिक संघटनेची १/१० आकाराच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, टू-व्हील ड्राइव्हचं विजेतेपद चालक जे हॅल्सी याने याच गाडीवर घेतलं. मातीत घासलेलं पोट या गाडीला शोभतं. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश, बास. पॉलिशही नको.

एक तपासणी मात्र चुकवू नका. नाकाच्या वळणावर तिरका उजेड टाका आणि नख फिरवा. नख अडलं तर तडा असेल. तडा असेल तर ती चासी जपून ठेवा आणि पळवायला दुसरी घ्या. वाकलेलं नाक ठोकून सरळ करू नका, ॲल्युमिनियम तिथेच तुटतं.

ओली_माती

पिनियनदादांशी सहमत. नायलॉनबद्दल थोडं सांगतो.

पिवळेपणाने घाबरू नका. नायलॉन हवेतली आर्द्रता धरून ठेवतं, आणि वर्षानुवर्षं कोरड्या जागी राहिलं की ती निघून जाऊन ठिसूळ होतं. आर्ममधल्या पिना काढा आणि आर्म गरम पाण्यात अर्धा तास मंद आचेवर ठेवा. तसेच पाण्यात गार होऊ द्या. लवचिकपणा बराच परत येतो. पण बोटाला पांढरी पूड लागत असेल तर उन्हाने वरचा थर मेला आहे, तिथे पाणी काही करू शकत नाही.

पिवळेपणा डोळ्यांना खुपत असेल तर कापडाचा काळा रंग नायलॉनवर छान बसतो. त्या काळी कित्येकजण पांढरे भाग असेच काळे करायचे. आधी मामांना विचारा मात्र.

शॉकला नवे ओ-रिंग आणि फक्त सिलिकॉन तेल. शॉकचा दांडा नखाने तपासा, खड्डा असेल तर नवी रिंगही गळेल. तेल भरल्यावर पिस्टन हळूहळू वरखाली करा, बुडबुडे वर येऊ द्या, मगच टोपी लावा.

७२००_मिलिव्होल्ट

लिपोविषयी. दोन सेलचा लिपो पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट देतो आणि प्रत्येक सेल साधारण ३.२ च्या खाली नेऊ नये. मेकॅनिकल स्पीड कंट्रोलर हे ओळखत नाही, तो शेवटपर्यंत ओढत राहतो. बॅटरी जाईल, कदाचित पेटेलही. तो कंट्रोलर काढून डबीत जपून ठेवा, ब्रश मोटर चालवणारा आजचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर दुतर्फी टेपने चिकटवा. नवं भोक पाडायचं नाही. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा घ्या. मी स्वतः या वयाच्या गाडीला सहा सेलचा निकेल-मेटल हायड्राइड पॅकच लावतो: ७.२ व्होल्ट, जुन्या पॅकच्याच आकाराचा, आणि जुन्या गिअरवर ताण कमी.

रेणुका_म

बॅटरी काढली. खालचा डाग फिकट राहिलाय, पण खड्डा नाही. नाकाला तडाही नाही. मामांना रंगाचं विचारलं, "पांढरेच ठेव" म्हणाले. चासीचा बेत रद्द. गिअरबॉक्स उघडला, खरखर डिफरन्शियलची (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाची, म्हणजे डिफची) आहे. आत बारीक गोळ्या आहेत, आणि दोन्ही चकत्यांवर गोल चर पडलाय. नवीन चकत्या मागवू का?

जुना_पिनियन

आधी चकत्या उलटून बघा. दुसरी बाजू बहुतेक वेळा कोरी असते. नसेल तर सपाट काचेवर ६०० चा पॉलिश पेपर ठेवा आणि चकती इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत चर जाईपर्यंत घासा. गोळ्या पुसून एकेक उजेडात बघा, चपटी दिसली की सगळ्याच बदला. गोळ्यांना सिलिकॉनचं डिफ ग्रीस, थ्रस्ट बेअरिंगला काळं मॉलिब्डेनमचं. दोन्ही एकत्र करू नका.

बसवल्यावर स्पर गिअर (मोटरने फिरणारा मोठा गिअर) आणि उजवं चाक घट्ट धरा आणि डावं चाक फिरवून बघा. सहज फिरलं तर डिफ सरकतंय, स्क्रू थोडा आवळा. सरकतं डिफ पहिल्याच धावेत गोळ्या चपट्या करतं. आणि ही चाचणी मामांच्या हातून करून घ्या, त्यांच्या बोटांना तो दाब ठाऊक असणार.