शब्दचर्चा : पूर्वलक्षी

बातम्यांत ‘पूर्वलक्षी प्रभावाने करआकारणी’ असं वाचते, सरकारी कागदांत ‘भूतलक्षी’ दिसतं. दोन्ही एकच का? आणि अचानक आलेल्या कुठल्याही नियमाला हा शब्द चालेल?

➤ अर्थ एकच, मागे पाहणारा. पण अचानक आलेला प्रत्येक नियम पूर्वलक्षी नसतो. उद्यापासून कर वाढला तर तो जाचक म्हणा हवं तर. पुऱ्या झालेल्या व्यवहाराला आज केलेला कायदा लावला, तरच पूर्वलक्षी.

➤ व्होडाफोनचं प्रकरण बघा. हचिसन या हाँगकाँगच्या कंपनीचा भारतातला मोबाइल धंदा त्यांनी २००७ मध्ये घेतला, तोही केमन बेटांवरच्या कंपनीचे समभाग विकत घेऊन, म्हणजे व्यवहार भारताबाहेर झाला. प्राप्तिकर खात्याने कर मागितला. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो लागू होत नाही असा निकाल दिला. त्याच वर्षी सरकारने कायदा बदलला आणि बदल थेट १ एप्रिल १९६२ पासून लागू केला! शिवाय त्याला दुरुस्ती न म्हणता ‘स्पष्टीकरण’ म्हटलं. शब्दांवर प्रेम असणाऱ्यांनी इथे थांबायला हवं. संदिग्ध असतं ते स्पष्ट करतात. न्यायालयाने अर्थ लावून दिल्यावर तो फिरवणं म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. गुंतवणूकदार धास्तावले ते यामुळेच. कराचा दर कितीही असो, तो हिशेबात धरता येतो. मागचा हिशेबच पुन्हा उघडणार असेल तर पुढचा कशाच्या भरवशावर मांडायचा? अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने कायदा करून २८ मे २०१२ पूर्वीच्या, म्हणजे तो बदललेला कायदा येण्याआधीच्या, अशा व्यवहारांवरची मागणी सोडून दिली. वसूल केलेली रक्कम परत करायचं ठरलं, व्याजाशिवाय.

➤ पण मग हा शब्द वाईटच असं नाही ना? सातवा वेतन आयोगही १ जानेवारी २०१६ पासून पूर्वलक्षी प्रभावानेच लागू झाला होता. आमच्या घरी थकबाकी मिळाली तेव्हा सगळे खूश होते.

➤ बरोबर, शब्द तटस्थच आहे. मागची तारीख धरून देणं आणि मागची तारीख धरून घेणं, दोन्हीला तो चालतो. घटनेच्या २०व्या अनुच्छेदाने मनाई केली आहे ती फक्त पूर्वलक्षी शिक्षेला. कर त्यात येत नाही.

➤ आणि याचा विरुद्धार्थी शब्द?

➤ भविष्यलक्षी. ‘ही तरतूद भविष्यलक्षी आहे’, म्हणजे लागू झाल्यानंतरच्या व्यवहारांपुरतीच.