मदत हवी आहे: 'ॲसिड' म्हणून आलेल्या मालात हायपो निघालं, एकाच गाडीत चढवू का?

वाडी_बुकिंग:

नमस्कार मंडळी. मी वाडीला, अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये बुकिंगला आहे. आमचा रोजचा माल म्हणजे किराणा, कापड, मशिनरीचे सुटे भाग. केमिकल क्वचितच येतं, म्हणून विचारतोय. उत्तर जरा लवकर हवंय, गाडी उद्या सकाळी निघायची आहे.

काल संध्याकाळी हिंगणा एमआयडीसीतल्या एका पार्टीचे ५० लिटरचे ३० कॅन आले, चंद्रपूरसाठी. बिलावर नुसतं 'ॲसिड, ३० नग'. ई-वे बिलात एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) २८०६, म्हणजे हायड्रोक्लोरिक. एमएसडीएस, म्हणजे केमिकलच्या धोक्यांचा माहितीकागद, एकच जोडलाय, तोही त्याचाच. स्टिकर सगळ्या कॅनवर सारखं: कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, वरचा अर्धा पांढरा, खालचा काळा, दोन नळ्यांतून थेंब पडतायत, एक हातावर आणि एक धातूच्या पट्टीवर, खाली ८ आकडा, म्हणजे धोक्याचा क्लास.

माल उतरवताना एक कॅन बुचातून पाझरत होता. आमच्याकडे एक जुने हमाल आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांच्या निळ्या सदऱ्यावर थेंब उडाले. मी ओरडलो, "काका, सदरा काढा, ॲसिड आहे!" आणि त्यांना ओढत नळाखाली नेलं. काका सदरा पिळत म्हणाले, "हे ॲसिड नाही जी. ॲसिडनं कपडा फाटते. याचा तं रंग गेला, पाहा ना." खरंच, निळ्या कापडावर पांढरे ठिपके. खाली अंथरलेलं गोणपाटही तेवढ्या जागी पांढरं पडलेलं. वास पोहण्याच्या तलावावर येतो तसा.

मग बॅटरी घेऊन एकेक कॅन वाचत बसलो. १८ कॅन हायड्रोक्लोरिक, आणि १२ कॅनवर बारीक अक्षरात सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे हायपो, ब्लीचचं पाणी. पार्टीला फोन केला तर म्हणे, "अहो, ते पण ॲसिडच. फिनाइलवाले दोन्ही नेतात. क्लास एकच आहे ना? टाका एका गाडीत."

आता माझा गोंधळ असा. दोन्हींवर ८ नंबर आहे तर एकत्र न्यायला हरकत काय? एचएसएन आणि यूएन नंबर एकच का? कागद चुकीचे असतील तर उद्या रस्त्यात कोण अडकणार, आम्ही की पार्टी? आणि मराठीचा प्रश्न वेगळाच. मालकांनी शब्दकोशातून 'संक्षारक' शोधून दिला, ड्रायव्हरच्या सूचनेत लिही म्हणाले. ड्रायव्हरने वाचलं आणि विचारलं, "म्हणजे खारं हाय का?"

रामदासपेठी:

अहो, तुम्ही नागपुरात बसून इथे काय विचारता? सेमिनरी हिल्सला एक्सप्लोझिव्हवाल्यांचं देशाचं मुख्य कार्यालय आहे. उद्या सरळ तिथेच जा.

सेफ्टी_हिंगणा:

रामदासपेठी, 'पेसो'चं मुख्यालय आपल्याकडे आहे खरं, पण त्यांचं काम पेट्रोलियम, स्फोटकं, गॅस सिलिंडर आणि दाबाखालच्या टाक्यांचं. ट्रकमधल्या ॲसिडच्या कॅनसाठी तिथे गेलात तर चहा मिळेल फार तर. इथे लागतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातले १२९ ते १३७. म्हणजे गाठ आरटीओशी.

वाडी_बुकिंग, आधी महत्त्वाचं. एका गाडीत चढवू नका. आज रात्री गोदामातही शेजारी ठेवू नका. क्लास ८ एवढंच सांगतो की हा माल कातडी जाळतो आणि धातू खातो. कशामुळे खातो ते सांगत नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. हायपो त्याच्या उलट बाजूचं, आम्लारीधर्मी, आणि त्यात क्लोरीन बांधलेला असतो. दोन्ही एकत्र सांडले की आम्ल तो क्लोरीन मोकळा करतं. क्लोरीनचा स्वतःचा क्लास २.३, विषारी वायू. म्हणजे दोन 'आठ' मिळून गाडीच्या डाल्यात तिसरंच काहीतरी तयार होतं, ज्याचं स्टिकर गाडीवर कुठेच नाही. हा वायू हवेच्या जवळजवळ अडीच पट जड. तालपत्रीखाली, नालीत, गोदामाच्या खड्ड्यात साचून राहतो. जहाजाच्या नियमांत तर हायपो आम्लांपासून दूर ठेवा असं स्वच्छ लिहिलंय. दोन्हींचा क्लास एक असूनही.

एचएसएन आणि यूएन दोन्ही चार आकडी दिसतात म्हणून फसायला होतं. एचएसएन कराचा. त्यावरून जीएसटी कळतो, आग लागली तर काय करायचं ते कळत नाही. हायपोचा एचएसएन २८२८, म्हणजे तुमचं ई-वे बिल त्या हिशेबानेही चुकलंय. यूएन नंबर संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला, आम्ही त्या पुस्तकाला ऑरेंज बुक म्हणतो. हायड्रोक्लोरिक १७८९, हायपो १७९१. पेट्रोलच्या टँकरमागे १२०३ वाचलं असेल तुम्ही, तोच प्रकार. एमएसडीएसमध्ये १४ वा भाग वाहतुकीचा असतो, नंबर तिथून उचला. पार्टीने दिलेल्या एमएसडीएसमध्ये १७९१ सापडणारच नाही, कारण तो दुसऱ्याच मालाचा आहे.

जबाबदारी दोघांचीही. नियम १३१ प्रमाणे पूर्ण माहिती देणं माल पाठवणाऱ्याचं काम. पण १३२ म्हणतो की ती माहिती पूर्ण आणि बरोबर आहे याची खात्री वाहतूकदाराने करून घ्यायची. "पार्टीने ॲसिड सांगितलं, आम्ही ॲसिड लिहिलं" हे चालत नाही. त्यात तुम्ही तर कॅन स्वतः वाचलेत.

गाडीवर दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीचा फलक लागतो. मालाचं नेमकं नाव किमान ५० मिमी अक्षरांत, यूएन नंबर किमान १०० मिमी, स्टिकर किमान २५० मिमी चौरस, शिवाय पाठवणाऱ्याचा आणि मदतीचा फोन. 'केमिकल' किंवा 'ॲसिड' हे नेमकं नाव नव्हे. ट्रेम कार्ड, म्हणजे गळती-अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं कार्ड, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये हवं, ऑफिसच्या फाइलमध्ये नको. त्याच्या लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद आहे का तेही बघा. त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण असतं, मुदत तीन वर्षं, नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी.

पाझरणाऱ्या कॅनबद्दल: हायपोच्या बुचाला मुद्दाम बारीक छिद्र असतं, कारण उन्हाने ते हळूहळू विघटतं आणि आत वायू साठतो. कॅन आडवा पडला की तिथून गळणारच. बुचावर एमसील लावायचा शहाणपणा कोणी करायला नको, मे महिन्यात कॅन फुगून फाटेल. उभे ठेवा, सावलीत. सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाकू नका, कोरडी वाळू टाका.

परिभाषा_ताई:

मी तांत्रिक मजकुराची भाषांतरं करते, म्हणून फक्त शब्दाबद्दल. तुमच्या ड्रायव्हरचं काही चुकलं नाही. 'संक्षारक' मध्ये 'क्षार' दिसतो आणि शाळेत क्षार म्हणजे मीठ शिकवलेलं असतं. 'क्षरणकारी' थोडा बरा, पण ट्रकच्या केबिनमध्ये तोही निर्जीव. फलकावर नियमाप्रमाणे नाव आणि नंबरच ठेवा, तिथे आपली भाषांतराची हौस नको. ड्रायव्हरच्या हातातल्या कागदावर मात्र सरळ लिहा: "अंगावर पडल्यास कातडी भाजते. लोखंड खाते. भरपूर पाण्याने धुवा." हायपोच्या कागदावर त्याखाली: "ॲसिडजवळ ठेवू नका, विषारी वायू होतो." आणि 'ॲसिड' हा शब्द १२ कॅनच्या कागदांवरून हद्दपार करा. सगळा घोळ त्याच शब्दाने केलाय.

वाडी_बुकिंग:

सगळ्यांचे आभार. रात्रीच हायपोचे कॅन शटरच्या दुसऱ्या टोकाला हलवले. सकाळी पार्टीशी वाजलं. "एवढी वर्षं एकाच गाडीत जातंय" पासून सुरुवात झाली, पण दोन बिलं, दोन एमएसडीएस आणि दोन ट्रेम कार्डं येईपर्यंत बिल्टी फाडणार नाही म्हटल्यावर दुपारी कागद आले. आमच्या ज्या ड्रायव्हरच्या लायसन्सवर नोंद आहे तो हायड्रोक्लोरिक घेऊन आज निघाला. दुसऱ्याची मुदत मार्चमध्येच संपलीय हे लायसन्स हातात घेतल्यावर कळलं, त्यामुळे हायपो अजून इथेच आहे.

एक विचारायचं राहिलं. काकांनी त्या १२ कॅनवर मार्करने मोठ्या अक्षरात 'रंग खाते' लिहून ठेवलंय. पुसू का?

सेफ्टी_हिंगणा:

राहू द्या. फक्त स्टिकरवर आणि यूएन नंबरवर आलं असेल तर तेवढं पुसून बाजूला लिहायला सांगा.