माळरान आणि खारफुटी एकाच मोजपट्टीने मोजता येतील का?

कोरडवाहू:
पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका गायरानावर आमचा गट चार वर्षांपासून काम करत आहे. पाळीपाळीने चराईबंदी, विलायती बाभळीची मुळासकट काढणी आणि पवना व मारवेल या गवतांची पेरणी, एवढेच आमच्या कामाचे स्वरूप आहे. निधी देणाऱ्या संस्थेच्या अहवालात मात्र लावलेली रोपे, जगलेल्या रोपांची टक्केवारी आणि सलग समतल चरांची लांबी असे रकाने आहेत. आम्ही एकही झाड लावलेले नसल्यामुळे कागदावर आमचे काम शून्य ठरते. याच संस्थेचा कोकणात खारफुटीचा प्रकल्प असून दोन्हींची तुलना व्हावी म्हणून एकच मोजपट्टी हवी, असे तिचे म्हणणे आहे. मागणी मला गैर वाटत नाही, परंतु ती पूर्ण कशी करावी हे सुचत नाही.

तृणपर्ण:
आपली अडचण एकट्या आपल्या संस्थेपुरती नाही. केंद्र सरकारच्या ग्रीन क्रेडिट योजनेची (झाडे लावण्यासारख्या पर्यावरणाच्या कामाबद्दल 'क्रेडिट' म्हणजे गुण देणारी योजना) फेब्रुवारी २०२४ मधील पद्धती पाहिली, तर हेक्टरी किमान ११०० झाडे आणि झाडामागे एक क्रेडिट असा हिशेब होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तो बदलून किमान पाच वर्षांचे काम आणि किमान ४० टक्के वृक्षछत्र अशा अटी आल्या. लावलेल्या झाडांऐवजी टिकलेली झाडे मोजणे ही सुधारणा आहेच, पण ज्या माळावर ४० टक्के छत्र आले, तो माळ माळ राहिलेला नसतो, आणि धाविक किंवा माळढोक या माळावरच्या पक्ष्यांसाठी तो गेलाच म्हणायचा.

माझ्या मते एकसमान असायला हवी ती तुलनेची रीत. मोजायची वस्तू सगळीकडे एकच असण्याची गरज नाही. परिसंस्था पुनर्स्थापनाविषयक आंतरराष्ट्रीय मानकांच्या २०१९ मधील दुसऱ्या आवृत्तीत सहा अंगे दिली आहेत: धोक्यांचा अभाव, भौतिक परिस्थिती, प्रजातींची रचना, संरचनेतील वैविध्य, परिसंस्थेचे कार्य आणि भोवतालाशी देवाणघेवाण. प्रत्येक अंगाला एक ते पाच गुण देतात, आणि ते त्याच प्रकारच्या शाबूत परिसंस्थेच्या तुलनेत. म्हणजे आपला माळ चांगल्या माळाच्या किती जवळ पोहोचला आणि त्यांची खारफुटी चांगल्या खारफुटीच्या किती जवळ पोहोचली, एवढेच शेजारी मांडायचे. फक्त सहा अंगांची सरासरी काढू देऊ नका. प्रजातींची रचना पाचावर आणि धोक्यांचा अभाव एकावर असेल, तर या दोहोंची सरासरी तीन येते आणि बाभूळ परत येत असल्याचे तिच्याआड झाकले जाते.

विहीरमाप:
पाण्याविषयी थोडे सांगतो, कारण हा रकाना आज ना उद्या आपल्यापुढे येईलच. आपल्याकडील बेसाल्ट खडकाची साठवणक्षमता कमी असल्यामुळे एका चांगल्या पावसाळ्यात विहिरी भरतात आणि मेपर्यंत तळ गाठतात. भरलेल्या विहिरीचे श्रेय त्या वर्षीच्या पावसाचे असूनही अहवालात ते प्रकल्पाच्या नावे जमा झालेले मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून काम सुरू होण्याआधीच्या नोंदी, शेजारच्या तशाच खडकाच्या पण काम न झालेल्या पाणलोटातील विहिरी आणि दोन्हीकडील पाऊस, हे तिन्ही नसेल तर पातळी वाढल्याचा दावा करू नये. मोजणी दरवर्षी त्याच महिन्यांत करावी, आणि उपसा थांबून विहीर स्थिर झाल्यावरच टेप सोडावी.

कोरडवाहू:
तृणपर्ण, शाबूत माळ आणायचा कोठून? आमच्या परिसरात चरून उघडे न पडलेले क्षेत्र जवळपास उरलेले नाही. शिवाय उपग्रहाच्या चित्रांवरून हिरवेपणाचा निर्देशांक काढला तर खर्च वाचेल, असेही संस्थेने सुचवले आहे.

तृणपर्ण:
एकच आदर्श तुकडा मिळाला नाही, तर तीन-चार बऱ्या तुकड्यांवरून आणि जुन्या मेंढपाळांशी बोलून संदर्भचित्र उभे करता येते. देवस्थानाची राखीव जागा किंवा जुनी राखीव कुरणे यांत चराई न झालेला एखादा कोपरा बहुधा सापडतो. त्याचे गृहीत काय आहे ते अहवालात स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढच्या माणसाला ते तपासता येईल.

हिरवेपणाचा निर्देशांक मात्र आपल्या बाबतीत उलटा बोलेल. निरोगी माळ जानेवारीपासून पिवळा पडतो आणि विलायती बाभूळ मे महिन्यातही हिरवी असते, त्यामुळे आपण बाभूळ काढली की उन्हाळ्यातल्या चित्रात जमीन बिघडल्यासारखी दिसेल. त्यापेक्षा पावसाळा संपताना, गवत फुलोऱ्यावर असताना, एक मीटरच्या चौकटी ठरावीक जागी टाकून प्रजाती आणि उघड्या जमिनीचे प्रमाण नोंदवावे. गावातील दोन तरुणांना गवते ओळखायला शिकवले, तर दरवर्षी चार-पाच दिवसांत हे काम होते.

विहीरमाप:
चौकटींच्या जागा आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि काम न केलेल्या शेजारच्या जमिनीवरही तितक्याच टाका. जागा आपण डोळ्यांनी निवडल्या, तर चौकट गवत दाट असलेल्या ठिकाणीच पडते.